ऑइलचा लाल दिवा

तीस वर्षं मी उज्जैनच्या आयटीआयमध्ये पोरांना मोटर मेकॅनिकचं काम शिकवलं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागला की जागच्या जागी इंजिन बंद. घर समोर दिसत असलं तरी बंद. हे ज्याला पाठ नव्हतं त्याला मी वर्गाबाहेर उभा केलाय. आणि निवृत्तीच्या सहाव्या वर्षी, दसरा दोन दिवसांवर आलेला असताना, पूजेचं सामान आणायला निघालो तर माझीच जुनी गाडी टावर चौकात खडखडून बंद पडली. लोकांनी ढकलून कडेला लावली. एक ऑटोवाला म्हणाला, "अंकलजी, अब तो मारुती ले लो." मी त्याला काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

दिवा लागलाच असणार. मला दिसला नाही, कारण त्यावर कुंकू होतं.

हे विनोदिनीचं काम. विनोदिनी माझी बायको, माघात गेली. गाडीत बसली की तिचं सगळं लक्ष त्या दिव्यावर. किल्ली फिरवली की तो लागतो, आणि इंजिन सुरू होऊन पंपाने तेल वर चढवलं की विझतो, एवढं मीच तिला कधीतरी सांगून बसलो होतो. तो विझेपर्यंत ती मला गिअर टाकू द्यायची नाही. मग म्हणायची, "विझला. निघा आता." सत्तावीस वर्षं हेच. मी चिडायचो, "अगं, मी हे शिकवतो आयटीआयमध्ये!" तिच्यावर ढिम्म परिणाम नाही.

गेल्या दसऱ्याला गाडीची पूजा करताना तिने खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू बोटाने नेमकं त्या दिव्याच्या इवल्याशा काचेवर लावलं. मी ओरडलो. ती म्हणाली, "मी आहे ना बघायला." आणि खरंच, कुंकवाच्या कडेने फुटणारा उजेड ती वाकून वाकून बघायची.

दर रविवारी मी गाडी पुसतो, तेवढी एक काच सोडून. तिच्या बोटाच्या रेषा त्यात उमटल्या होत्या.

ती गेल्यावर मला जायचं कुठे होतं? रोज सकाळी अंगणात दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवायचो आणि बंद करायचो. घरात तेवढाच एक आवाज. मुलगा विक्रांत पुण्याहून फोन करून "बाबा, विकून टाका ती" म्हणाला की मी रिसीव्हर आदळायचो. नंतर पुढच्या रविवारपर्यंत त्याच्या फोनची वाट बघायचो.

गाडी दोरीने ओढत देवास गेटजवळ अनिलच्या गॅरेजात नेली. अनिल माझा विद्यार्थी. त्याने खालचं ऑइल चेंबर उघडलं. पंप ज्या जाळीतून तेल ओढतो ती काळ्या गाळाने बुजली होती, चहाच्या गाळणीत पत्ती साचावी तशी.

"सर, गाडी लांब नेत नाही का तुम्ही? उभ्या-उभ्या स्टार्ट केली, बंद केली, असंच का?"

इंजिन नीट तापलं नाही की आत ओल धरते, तेलाचा गाळ होतो, हे त्याला मीच शिकवलं होतं. गाडी जिवंत राहावी म्हणून मी रोज जे करत होतो, त्यानेच तिचा गळा आवळला होता.

"बेअरिंगवर लाइनी पडल्यात, पण बचली," अनिल म्हणाला. "अजून थोडी चालवली असती तर इंजिन जाम झालं असतं. पण सर, बत्ती तर जळली असेल ना?"

"दिवा लागलाच नाही. बल्ब उडाला असेल." विद्यार्थ्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोललो.

"मग बघून घेतो." त्याने पेट्रोलमध्ये भिजवलेलं फडकं उचललं आणि तो गाडीत वाकला.

"हात लावू नकोस!"

सगळं गॅरेज माझ्याकडे बघायला लागलं. मग मी त्याला खरं ते सांगितलं. सांगताना रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

अनिलने फडकं खाली ठेवलं. "काकूंच्या हातचे अनारसे खाल्लेत मी, सर. मी नाही पुसणार. पण बत्ती झाकलेली गाडी तुम्हाला चालवू पण नाही देणार. तुम्हीच तर शिकवलंय."

तो कामाला लागला. मी स्टुलावर बसून त्याची चूक शोधत होतो. त्याने जाळी धुतली, पंपाची चाकं तपासली, आणि बसवण्याआधी पंप तेलाने भरून घेतला. पाणी न धरणाऱ्या हापशात आधी तांब्याभर पाणी ओततात, तसंच हे. कोरडा पंप तेल ओढत नाही. एकही चूक सापडली नाही, आणि मला त्याचाही राग आला.

दसऱ्याच्या सकाळी त्याने चाबी माझ्या हातावर ठेवली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मी फडकं घेतलं नाही. बोटानेच पुसलं. वर्षभराचं कुंकू, पण तेलामुळे पटकन सुटलं. आधी रेषा गेल्या.

किल्ली फिरवली. दिवा लागला, लालभडक. स्टार्टर मारला. इंजिन सुरू झालं तरी दिवा तसाच. तीन, चार, पाच मोजले. मग पंपाने तेल धरलं आणि तो विझला.

गिअरवर हात ठेवून मी तसाच बसलो. गिअर टाकवेना.

"काय झालं, सर?" अनिलने बाहेरून विचारलं.

मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. गाडीत कोणीच काही बोललं नाही, तेव्हा मीच म्हणालो,

"विझला. निघा आता."