सरळ म्हणजे उजवीकडे

तायानं खिडकीजवळची जागा धरली होती. दर महिन्याला पासपोर्टावर शिक्का मारून घ्यायला द्रिना नदीपलीकडे जाऊन यायचं, तर निदान खिडकी तरी असावी, एवढीच तिची चैन. बेलग्रेडच्या जुन्या स्टँडामागून, मोडकं रशियन बोलणाऱ्या रादोय्का नावाच्या सर्बियन बाईची व्हॅन सुटायची आणि आत सगळे रशियन असायचे. कॉम्प्युटरवर पोट भरणारी पोरं, एक दातांचा डॉक्टर, कुत्र्याला मांडीवर घेऊन बसणारं एक जोडपं. सर्बियात पाहुणा म्हणून महिनाभर राहता येतं. महिना भरत आला की पूल ओलांडायचा, बोस्नियात बसून एक कॉफी प्यायची आणि परत यायचं. झाला नवा महिना सुरू. ताया दळण आणायला जावं तशी जायची.

व्हॅनचं दार सरकलं आणि निळा कोट आत आला.

आधी कोट आला, माणूस मागून. तो कोट तायानं डोळे मिटूनही ओळखला असता. तिच्या जुन्या मैत्रिणीचा, एमाचा, डावा खांदा बोटभर उतरता. तो दिसू नये म्हणून डावीकडे अस्तराखाली जास्तीची गादी घातलेली. एमाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तायानं स्वतःच्या टेबलावर तो बेतला होता, रशियात, व्होरोनेझच्या नाटकमंडळीच्या शिवणखोलीत, सगळे घरी गेल्यावर. आता खाली कुणीतरी त्याची लांबी कमी करून सरळ मशीन मारली होती. पोत्याला मारावी तशी.

"ताया," एमा म्हणाली, आणि तिच्या गळ्यात पडली. "ताया, अगं तू. देवानंच भेटवलं."

ताया कपडे चढवायच्या पुतळ्यासारखी उभी राहिली. पुतळ्याला मिठी मारली तर तो काही ढकलत नाही.

एमा शेजारीच बसली. कुठं बसू म्हणून विचारणं तिच्या स्वभावात नव्हतंच. तीस वर्षं दोघी एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर बसल्या होत्या. ताया कापायची, एमा जोडायची. मग ते लढाईचं वर्ष आलं. एके दिवशी सैनिकांच्या वेशातल्या नाटकाचे कपडे शिवताना ताया दोरा दातांनी तोडत म्हणाली होती, "यंदा सुतकाचं काळं कापड जास्त मागवायला लागेल." एवढंच. खोलीत दोघीच होत्या. आठवड्यानं वरिष्ठांनी सगळ्यांसमोर तायाला उभं केलं, विचारलं. ती काही बोलायच्या आत एमा उठली आणि म्हणाली, "हो, म्हणाली ती. मी माझ्या कानांनी ऐकलं."

तायाची नोकरी गेली, मग घरी चौकशीची माणसं यायला लागली, मग ताया निघाली. दोन वर्षं झाली. बेलग्रेडमध्ये ती लोकांच्या पँटी आखूड करत होती आणि इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून एमाला ऐकवायची भाषणं रचत होती. एकेक भाषण असं तयार केलेलं की ऐकणाऱ्याच्या अंगाची सालं निघावीत. सापानं डूख धरावा तसा तिनं तो राग जपला होता. ऊन दाखवून, घडी घालून.

"तू बरोबर वेळेला निघालीस बघ," एमा म्हणत होती. "मला तर तुझा हेवा वाटायचा. अगं, मागून काय काय झालं. ती शुरा आठवते? बटणं लावणारी, बारकी? मी एकदा सहज काहीतरी बोलले, तर मेली सगळ्यांसमोर उठून म्हणाली, मी ऐकलं. मी ऐकलं म्हणे. इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लं तिनं. माणसं अशी कशी गं असतात?"

ताया तिच्याकडे बघत राहिली. एमाच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं, आणि त्या पाण्यात ताया कुठंच नव्हती.

"असतात," ताया म्हणाली.

"आता मुलाकडे आलेय. तो कालच म्हणत होता, आई, जाऊन ये. मी म्हटलं उद्या जाते. आज माझा शेवटचा दिवस, ताया. उद्या पकडलं तर कोर्ट आणि परत पाठवणी. आणि परत गेले तर..." एमानं पुढचं गिळलं. "तू असशील ना बरोबर? मला इथली भाषा कळत नाही."

"असेन की," ताया म्हणाली.

सीमेजवळ रस्त्याचं काम चाललं होतं. रादोय्कानं व्हॅन पेट्रोलपंपाशी लावली. पलीकडे, बोस्नियाच्या काठावर, तिच्या बहिणीचं कॉफीचं दुकान होतं, त्यामुळे तीही पायीच निघाली.

"चला रे पोरांनो, पूल पायी," ती ओरडली. "कुत्र्याचे कागद घेतलेत ना? मागच्या खेपेला त्याच्यापायी अर्धा दिवस बसवलंत." मग तायाजवळ येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही जुन्या आहात. ती निळ्या कोटवाली संडासात गेलीय, तिला घेऊन या. नवीन आहे, हरवायची."

"आणते," ताया म्हणाली.

बाकीचे पुढं गेले. एमा पदर सावरावा तशी कोट सावरत बाहेर आली. समोर पुलाकडे जाणारा रस्ता खणलेला. दोन ट्रक, त्यांच्यामध्ये ताडपत्री, आणि ताडपत्रीला लागून माणूसभर फट. त्या फटीतून सरळ गेलं की शिक्क्याची खिडकी. पण ते माहीत असणाऱ्याला. उजवीकडे मात्र नदीकाठचा रस्ता मोकळा, स्वच्छ, दोन्ही बाजूंना झाडं. कुणालाही वाटावं, इकडेच जायचं असेल.

एमानं तिथल्या पोलिसाला पासपोर्ट दाखवून रशियनमध्ये विचारलं, कुठून जायचं?

"प्रावो," पोलीस म्हणाला. तो सँडविच खात होता. "प्रावो, बाई, प्रावो."

सर्बियनमध्ये प्रावो म्हणजे सरळ. रशियन कानाला तोच शब्द उजवीकडे असा ऐकू येतो. इथं नवा आलेला प्रत्येक रशियन माणूस या शब्दापायी एकदा तरी भलतीकडे वळतो. ताया स्वतः पहिल्या महिन्यात पोस्ट ऑफिस शोधताना कत्तलखान्याच्या दारात जाऊन पोचली होती.

एमानं वळून विचारलं, "उजवीकडे, ना?"

तायाच्या डोक्याचा रुमाल एकाएकी सुटला होता. ती तो बांधत राहिली. गाठ चांगली बसेपर्यंत एमा उजवीकडे वळून चालायलाही लागली होती, मागे ताया येतेय या भरवशावर बडबडत.

ताया ताडपत्रीच्या फटीतून सरळ गेली.

रादोय्काच्या बहिणीच्या दुकानाला नदीच्या बाजूनं गच्ची होती. तांब्याच्या चिमुकल्या भांड्यात कॉफी आली, बाजूला साखरेचा खडा. तायानं खडा कॉफीत बुडवला, दातांत धरला आणि समोरच्या काठाकडे पाहिलं. नदी तिथं अरुंद होती. निळा कोट स्पष्ट दिसत होता.

एमा काठाकाठानं चालत होती. एका गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याला तिनं काहीतरी विचारलं. म्हाताऱ्यानं तोंड हलवलं. काय म्हणाला असेल ते ऐकू यायची गरज नव्हती, कारण एमा लगेच उजवीकडे वळली आणि घरांमागे नाहीशी झाली.

ताया हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला पोटातून हसू आलं. कॉफीही फार छान लागली.

थोड्या वेळानं निळा कोट पलीकडच्या गल्लीतून पुन्हा पुलाच्या तोंडाशी उगवला. जो भेटेल तो प्रावो म्हणणार, आणि ही उजवीकडे वळणार. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे करत बाई होती तिथंच येऊन उभी. पोलिसाचं सँडविच संपलं होतं. त्यानं पुन्हा हात हलवला. एमा पुन्हा उजवीकडे.

"ती निळी बाई आपली का हो?" रादोय्कानं डोळे बारीक केले.

"छे. इथलीच दिसते."

"इथली? आमच्याकडे असा कोट कुणाच्या अंगावर बघितलाय?" रादोय्का कठड्यावर रेलली. "शिवलाय मात्र झकास. खांद्यात बघा कसा बसलाय. शिवणारीचा हात चांगला असणार."

"असेल," ताया म्हणाली, आणि तिला उगाचच राग आला.

"मग आपली कुठं राहिली? तुम्हाला घेऊन यायला सांगितलं होतं ना?"

"पोट बिघडलंय तिचं. येईल."

"आज तिचा शेवटचा दिवस आहे म्हणाली होती."

"हो का?"

रादोय्कानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "कुत्र्यानं पाणी प्यायलं की निघायचं. माझ्याकडे नवऱ्याचं जेवण तटलंय," आणि बहिणीला कांदे चिरू लागायला आत गेली.

दुसऱ्या फेरीत एमा हळू चालत होती. तिसऱ्या फेरीत ती गळवाल्या म्हाताऱ्याशी थांबलीच नाही. काठावरच्या बाकावर बसली. फोन काढून कानाला लावला, खाली घेतला, परत लावला. ताया समजली, ती कुणाला फोन करतेय. तो नंबर तायानं व्होरोनेझ सोडतानाच बंद करून टाकला होता. फोन लागणार नव्हता. एमानं फोन मांडीवर ठेवला आणि वाकून बूट काढला.

आता ताया हसेना. कॉफी गार झाली होती. तिला वाटलं, होणार ते असं होणार. व्हॅन निघेल. ही रात्री कुठंतरी सापडेल. कोर्ट, परत पाठवणी. आणि मग कुठल्यातरी दुसऱ्या गाडीत, दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसून हीच एमा डोळ्यांत पाणी आणून सांगेल, अगं, एका पोलिसानं मला उजवीकडे जा म्हणून सांगितलं. माणसं अशी कशी गं असतात?

त्या गोष्टीत ताया नसेलच. दोन वर्षं इस्त्रीच्या वाफेत उभं राहून जपलेला सूड, आणि त्याचं श्रेय सँडविच खाणाऱ्या पोलिसाला. ज्याचा सूड घ्यायचा त्याला कळलंच नाही, तर तो सूड कसला, नुसती ठेच. ठेच लागली तर माणूस दगडाला शिव्या देतं.

तायानं कप बाजूला सारला.

"कुठं?" रादोय्का आतून ओरडली.

"आपलीच आहे ती," ताया म्हणाली. "थांबा माझ्यासाठी."

"मला कळलं होतं. डोकं माझं रिकामं नाही, बाई. जा लवकर."

बोस्नियाचा शिक्का, पूल, सर्बियाचा शिक्का. तायाला तिचा महिना मिळाला. ती ताडपत्रीच्या फटीतून बाहेर आली आणि उजवीकडे वळली.

एमा एक पाय बुटाबाहेर ठेवून बसली होती. तायाला बघून तिचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला, आणि तायाला तेवढंच बघायचं होतं. उजळलेला असला की विझलेला नीट दिसतो.

"ताया, कुठं होतीस? मला वाटलं, तू माझ्या पाठीशी आहेस."

"मलाही तसंच वाटलं होतं," ताया म्हणाली. "त्या दिवशी, सगळ्यांसमोर."

नदीवरून एक बदक ओरडत गेलं.

"प्रावो म्हणजे सरळ," ताया म्हणाली. "उजवीकडे नाही. सरळ. मला माहीत होतं."

"म्हणजे पोलीस बोलला तेव्हा तू..."

"ऐकलं. मी माझ्या कानांनी ऐकलं."

रचलेल्या सगळ्या भाषणांतलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. त्याची गरजही नव्हती. एमाचा चेहरा आधी गोंधळला, मग जागच्या जागी थांबला, मग हळूहळू उतरत गेला. शिवण उसवताना एकेक टाका सुटत जावा तसा. ताया एक टाकाही न चुकवता बघत राहिली.

"त्यांनी मला आधीच बोलावून विचारलं होतं, ताया," एमा म्हणाली. "मुलाची नोकरी होती. मला भीती वाटली."

"मला तर कुणी बोलावून विचारलंही नाही आज. मी आपली फुकटच गप्प बसले. आणि शुराला काय शिव्या देतेस? शुराला तूच शिकवलंस. खोलीत जे बघितलं ते शिकली पोरगी."

एमा रडायला लागली. सकाळी व्हॅनमध्ये रडली होती तसं नाही. आवाज न करता, तोंड वाकडं करून, कुरूप रडणं. ताया त्या रडण्याला हात लावायला गेली नाही. तिनं पुरेसा वेळ जाऊ दिला. कॉफी प्यावी तसा, घोट घोट.

"बूट घाल," शेवटी ती म्हणाली. "व्हॅन निघेल."

"मला नेतेस?"

"नेते. तुला हाकललं तर मी हे सगळं सांगू कुणाला? तू इथंच राहायचं. दर महिन्याला याच व्हॅननं, माझ्या शेजारी बसून यायचं. खिडकी माझी."

फटीतून सरळ जाऊन दोघींनी पासपोर्ट पुढं केले. खिडकीतल्या माणसानं तायाचा पासपोर्ट उलटसुलट केला.

"आत्ताच तर आलात. परत निघालात?"

"हिला सरळ चालता येत नाही," ताया म्हणाली.

पुलाच्या मध्यावर एमानं विचारलं, "म्हणजे तू मला माफ केलंस का?"

"नाही. महिन्याची मुदत दिलीय. पुढच्या महिन्यात परत बघू."

पलीकडे कॉफी प्यायलाही वेळ नव्हता. शिक्का घेऊन दोघी तशाच मागे फिरल्या. पेट्रोलपंपाशी रादोय्का व्हॅन सुरू करूनच बसली होती. पोरं कुरकुरत होती, कुत्रा झोपला होता. एमा मधल्या जागेवर अंग चोरून बसली. तायानं खिडकी घेतली.

गाव मागं पडल्यावर तिनं पिशवीतून ब्लेड काढलं आणि निळ्या कोटाची कड स्वतःच्या मांडीवर ओढली. ब्लेड एमाच्या गुडघ्यापासून बोटभर अंतरावर.

"काय करतेस?"

"कुणी मारली ही मशीन? शरम वाटत नाही अंगावर घालायला? माझं नाव आहे त्या कोटावर." तिनं पहिला टाका तोडला. "हलू नकोस. लागेल."

बेलग्रेड येईपर्यंत एमा हलली नाही.