जास्तीची चिमूट

माझ्या नवऱ्याला हाणल्याशिवाय कुठलंही काम जमत नाही. वेल्डर आहे. वाकलेला गज असो की अडकलेलं कपाट, आधी ठोकायचं, मग बघायचं. त्यामुळे बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, माशांच्या टाकीत गोगलगायी झाल्या तेव्हा त्यांची काही धडगत नाही हे मी ओळखलं.

तांदळाएवढ्या गोगलगायी काचेवर चढायच्या. हा बाही दुमडून टाकीत हात घालायचा आणि अंगठ्याने एकेकीला तिथेच चिरडायचा. "मर! तूपण मर!" लाल मासे त्या लगद्यावर तुटून पडायचे. मोठ्या सापडल्या की त्या बशीतल्या मिठात. फेस येऊन विरघळायच्या बिचाऱ्या. हे सगळं जेवणाच्या टेबलाशेजारी. मी ताट उचलून ओट्यापाशी जाऊन जेवायची.

"अहो, खून पाडताय की काय?"

"साफसफाई म्हणतात याला."

साफ काही होत नव्हतं, आणि का ते मला ठाऊक होतं. गोगलगायी पोसल्या जातात माशांच्या उरलेल्या खाण्यावर. बाबा माशांना चिमूटभर खाणं टाकून खुर्चीत बसायचे, आणि चहा संपेपर्यंत विसरून पुन्हा उठायचे. "सूनबाई, मासे उपाशी आहेत गं." पुन्हा एक चिमूट. मी खाण्याची डबी लपवली तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. एकदा बाबा गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते. तेव्हाच त्याने बजावलं होतं, "परत असा विसराळूपणा दिसला, तर वृद्धाश्रम. मग मला कोणी अडवायचं नाही." मला माहेर उरलेलं नाही. या घरात "जेवलीस का?" म्हणून विचारणारं बाबा हे एकच माणूस आहे. मी तोंडाला कुलूप लावलं. मरू देत गोगलगायी.

एका रविवारी मात्र त्याने मोरचुदाची विषारी निळी पूड आणली आणि मूठभर टाकीत लोटली. मी मनगट धरलं, तर मला ढकलून दिलं. गोगलगायी पटापट गळून पडल्या, तळाशी खच झाला. संध्याकाळी पाणी गढूळ झालं, कुजका वास सुटला आणि मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. एक उलटा झाला.

"माझे मासे!" बाबा धावले. घाईघाईने त्यांनी डबी उघडली आणि टाकीत उपडी केली. दोनच कण पडले.

"परवा आणलीय ती डबी," नवरा म्हणाला. "संपवली कोणी?"

"सकाळपासून उपाशी आहेत रे ते," बाबा म्हणाले.

"मी संपवली," मी मध्येच बोलले. "मीच टाकते सारखं. मला नाही कळत त्यातलं."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि मी इथे मूर्खासारखा मारत बसलोय?" कोपऱ्यातला पाना उचलून त्याने टाकीवर घातला. काच फुटली, घाण पाणी आमच्या अंगावर आलं, मासे फरशीवर तडफडायला लागले. माझ्या पायात काच घुसली. त्याने पाना फेकला, माझा दंड आवळला आणि हात उगारला.

तो हात मागून बाबांनी धरला. जन्मभर पोती वाहिलेला माणूस. त्यांनी हात पिरगाळला, नवऱ्याला तोंडघशी भिंतीवर आदळलं आणि मानेवर कोपर रोवलं. भिंतीवरून रक्ताचा ओघळ आला.

"माझ्या सुनेवर हात टाकतोस?"

"बाबा, सोडा! अहो, मी आहे!" नवरा ओरडला.

"कोण मी? घरात शिरलास कसा? सूनबाई, तू घाबरू नकोस. माझा मुलगा येईलच इतक्यात. फार जीव आहे त्याचा तुझ्यावर. तो याला जिवंत सोडायचा नाही."

नवऱ्याची धडपड थांबली. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी खोटं का बोलले ते त्याला कळलं. मला त्याचा संताप येत होता. त्याची दया येत होती, आणि दया येते याचाही संताप येत होता.

"बाबा, सोडा त्याला," मी म्हणाले. "ओळखीचा आहे."

"मुलगा आल्याशिवाय नाही."

नवऱ्याने भिंतीला गाल टेकला. नाकातून रक्त गळतच होतं.

"बरं, काका," तो म्हणाला. "तो येईपर्यंत थांबतो मी."