पोट भरलेली गाडी

गाडी माझ्या पगारातून आली. जळकोटहून माझ्या शाळेच्या गावाला जाणारी एसटी कधी येईल ते तिच्या ड्रायव्हरलाही सांगता येत नाही, म्हणून ही इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली. आणि चालवतो कोण? आमचे विनोदराव. सकाळी मला शाळेच्या फाटकात उतरवायचं आणि दिवसभर गाडी गावभर मिरवायची, हा त्याचा उद्योग. संध्याकाळी न्यायला उशीर झाला की मी शाळेच्या पायरीवर बसून मनातल्या मनात त्याच्या खानदानाचा उद्धार करायची.

गाडी मागितली की उत्तर एकच. "तुला रिजन जमायचं न्हाई."

रिजन म्हणजे काय, तर रेस सोडली की मोटार गाडीला मागं ओढते, गाडी हळू होते आणि तेवढीच वीज बॅटरीत परत जाते. पण विनोदनं त्याची मोठी विद्या करून ठेवली होती. "घेतल्यापासून ब्रेकला हात लावला न्हाई," असं तो दूधवाल्यालाही सांगायचा. मी लग्नाआधी भावाची मोटरसायकल चालवायची. विनोदला ते माहीत होतं, पण नवऱ्याला माहीत असणं वेगळं आणि मान्य असणं वेगळं.

एका रविवारी आम्ही माझ्या माहेरी गेलो. गाव वर, माळावर. माझी आई धुरपताबाई पाहुण्यांच्या बाबतीत भारी हट्टी. पूर्वी ती पाहुण्याच्या बैलांना आधी वैरण टाकायची, मग पाहुण्याला चहा. आता बैल घेऊन कुणी येत नाही, तर तिनं घरातून वायर ओढून आमची गाडी चार्जिंगला लावली. मटण शिजलं, जेवणं झाली, विनोदची झोपसुद्धा झाली, तरी गाडी खातच होती.

"काढा आता," मी म्हणाले. "पूर्ण भरली की रिजन धरत न्हाई. बॅटरीत जागाच नसली तर वीज जाणार कुठं? शोरूममध्ये सांगितलं होतं." सांगितलं तेव्हा विनोद पुठ्ठ्याची मोठी चावी धरून फोटो काढून घेत होता.

"मला शिकवायलीस का?" तो म्हणाला.

आईनंही त्याचीच री ओढली. "असू द्या, जावईबापू. माझ्या दारातून कुणी अर्ध्या पोटी जात न्हाई. गाडी झाली म्हणून काय झालं?"

निघालो. उतार लागला तशी विनोदनं ऐटीत रेस सोडली. हळू व्हायचं सोडून गाडी सुसाट सुटली. त्यानं मनगट आणखी पुढं फिरवलं, पण रेस सोडलेलीच होती, आणखी किती सोडणार? खाली वळणावर म्हशी.

"अहो, ब्रेक!" मी ओरडले. त्यानं हॉर्न दाबला.

"ब्रेक दाब की मुडद्या!" लग्नानंतर पहिल्यांदाच मी अरेतुरेवर आले.

त्यानं दोन्ही पाय खाली सोडले आणि चपला घासत, रस्ता सोडून, थेट कडब्याच्या गंजीत घुसला. आम्ही धड निघालो, गाडीही धड. चपलांचे मात्र तुकडे झाले. आणि हा कडबा झटकत म्हणतो, "गाडीत फॉल्ट हाय."

माझं डोकंच फिरलं. चावी हिसकावून घेतली आणि पुढं बसले. तो अनवाणीच मागं बसला. मी चारचौघांसारखा ब्रेक दाबत उतार उतरले. पुढं सपाटीला थोडं चार्जिंग खर्च झालं तसं रिजनही परत आलं.

जळकोट जवळ आलं तसा तो कानाशी आला. "विशाखा, चौकाच्या अलीकडं थांब. तिथून मी घेतो."

"का?"

"टपरीवर आपली पोरं बसलेली असतात. मी त्यास्नी सांगून ठेवलंय, तुला गाडी झेपत न्हाई म्हणून."

हे ऐकून पडण्यापेक्षा जास्त लागलं. रोज त्या पायरीवर मी ताटकळायची आणि हा चौकात हे सांगत बसायचा.

"बरं," मी म्हणाले.

चौक दिसला. मी रेस सोडली, गाडी आपोआप हळू झाली. विनोदनं उतरायला एक पाय खाली सोडला. मी थांबले नाही. टपरीवरच्या एकेकाला नीट बघता यावं अशा बेतानं, अगदी सावकाश, गाडी चौकातून नेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "अहो, पाय वर घ्या. उद्यापासून शाळेला माझी मी जाणार हाय."