तिसरी सूचना

माणसाचा जीव लाकडापेक्षा मोलाचा आहे, हे आमच्या लाकडाच्या डेपोत सगळ्यांना मान्य होतं. लेखी मान्य होतं. सुरक्षेच्या एकोणीस सूचना मीच टाइप केल्या होत्या. प्रश्न एवढाच, की त्या लावायच्या कशावर. ऑफिसच्या भिंतीला ओल होती, कागद तग धरत नव्हते.

मॅनेजरची नजर ट्रॅक्टरवर गेली. त्याच्या मागे विंच होता; जंगलात तोडलेले ओंडके तारेच्या दोरानं ओढून वर आणायचा. दोर तुटला तर उलटा थेट ड्रायव्हरवर येतो, म्हणून केबिनच्या मागच्या काचेवर लोखंडी जाळी होती. मजबूत, चौकोनी भोकांची. कागद टांगायला जणू मापानं करून घेतलेली.

"तपासणीपुरती, चार दिवस," मॅनेजर म्हणाला, आणि जाळी ऑफिसात आली.

ड्रायव्हर त्याचा साडू. डेपोत साहेब म्हणायचा, घरी भावजी, आणि दोन्हीकडे ऐकून घ्यायचा. तपासणी झाली, अधिकाऱ्यांनी फलकाची तारीफ केली, चाराचे चाळीस दिवस झाले. ड्रायव्हर रोज कामाआधी दारात उभा राहून जाळी मागायचा. दोराच्या तारा तुटायला लागल्यात, हेही सांगायचा. जाळी नेलीस तर सूचना काय तुझ्या टकलावर लावू, असं मॅनेजर विचारायचा. मग सगळे हसायचे. ड्रायव्हरही.

एका सकाळी तो हसला नाही. "भावजी, जाळी द्या. नाहीतर मी ट्रॅक्टर काढत नाही."

ऑफिसात भावजी म्हणाला, तिथेच त्याचं बिनसलं. मॅनेजरनं त्याला जाळीसमोर नेऊन तिसऱ्या सूचनेवर बोट ठेवलं: मागची जाळी बसवल्याशिवाय विंच चालवू नये.

"वाचलंस? मग सही कर. ओंडके दुपारपर्यंत पाहिजेत. जमत नसेल तर उद्यापासून दुसरा बघतो. मेहुणीला काय सांगायचं ते मी सांगेन."

रजिस्टर मीच पुढे सरकवलं. त्यानं सही केली, खाली तारीखही घातली.

अकराच्या सुमारास एक ओंडका खुंटाला अडला. दोर ताणला गेला, तुटला आणि काच फोडून आत आला. ड्रायव्हर नेमका मागे वळून बघत होता. डावा डोळा गेला.

चौकशी झाली. ती निःपक्षपाती व्हावी म्हणून मॅनेजरनं साडूच्या बाजूनं चकार शब्द काढला नाही. सूचना वाचून, समजून, सही करूनही ड्रायव्हरनं जाळीशिवाय विंच चालवला, असा निष्कर्ष निघाला. हॉस्पिटलात मॅनेजरची बायको बहिणीचा हात धरून बसली होती. "हे म्हणतच होते," ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला पहिल्यापासून नियमांचं वावडं."

ड्रायव्हरनं कूस बदलली.

या अपघाताची विसावी सूचना ठळक जागी लावा, असा वरून हुकूम आला. मी ती टाइप केली. जाळीवर जागा नव्हती, म्हणून तिसरी काढली.