आरशातला धडा

"बाई चढते आणि मी उतरतो. ही पेटीच बिघडलीय."

बाबांनी कीबोर्डवर थाप मारली. मी नुकताच घरून जेवून आलो होतो, रोजच्यापेक्षा जरा लवकर. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा बाबा एकटेच पियानो शिकत बसतात. पियानो म्हणजे मामेबहिणीने टाकून दिलेला कीबोर्ड, आणि शिकवणारी बाई मोबाइलमधली.

आमचं दुकान केस कापायचं. बाबांचा उजवा हात थरथरायला लागला त्याला वर्ष झालं. केस मशीनने निभावतात, पण वस्तरा त्यांनी बाजूला ठेवलाय. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या ताई म्हणाल्या, त्या हाताचं एकेक बोट सुटं हलवायला शिका, पियानो वाजवतात तसं. फरक पडू शकतो. बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं, पडणार.

वस्तरा धरायला त्यांनी मला फुग्यावर शिकवलं होतं. फुग्याला फेस लावायचा आणि तो अलगद उतरवायचा. फुगा फुटला की म्हणायचे, "गेला एक माणूस." आता तीच परीक्षा ते स्वतः देणार होते, पियानो शिकायला लागून महिना झाला की. फुगा टिकला तर वस्तरा पुन्हा त्यांचा. नाहीतर कायमचा माझा.

शेजारचे घड्याळवाले काका तेवढ्यात आत आले. दाढीची खुंटं वाढलेली. त्यांनी माझ्याकडून कधी दाढी करून घेतली नाही.

"काय मग, मैफल कुठवर आली?"

"पाच सुरांवर," बाबा म्हणाले. "तुझ्या घड्याळांपेक्षा बरं चाललंय."

"लवकर शिक बाबा. या दाढीत बायको आता मला ओळखत नाही. पण या पोराच्या हातात मान देणार नाही मी."

"नका देऊ," मी म्हणालो. "मला तरी कुठे हवीय."

बाबा हसले आणि परत वाजवायला लागले. तेव्हा मला दिसलं. कीबोर्ड आरशाखालच्या फळीवर होता. मोबाइल मागच्या भिंतीला, कारण चालू प्लग तिथेच आहे. बाबा मागे वळून बघतच नव्हते. ते आरशात बघत होते. आयुष्यभर तसंच केलंय त्यांनी. गिऱ्हाइकाशी बोलायचं तेही आरशात बघूनच, मला रागवायचं तेही आरशातूनच. बाईची भाषा त्यांना कळत नव्हती. फक्त बोटं बघायची आणि तसंच करायचं.

मोबाइलमध्ये बाईचा उजवा हात वर चढत होता. आरशात तो डावा होऊन खाली उतरत होता. बाबांचा डावा हात त्याच्यासोबत उतरत होता, अगदी सफाईने.

उजवा मांडीवर पडला होता. थरथरत.

मी प्लगवरून मोबाइल काढला आणि त्यांच्यासमोर आरशाला टेकवून ठेवला. बाबा बघत राहिले. घड्याळवाल्या काकांना आधी कळलं नाही, मग कळलं, आणि ते बाकावरचं वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत बसले.

"म्हणजे महिनाभर मी..." बाबा म्हणाले. "बरं. पेटी चांगली आहे तर."

त्यांनी उजवा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. अंगठा दाबला. पहिला सूर आला, बाईचाच. दुसऱ्या बोटाने मात्र दोन पट्ट्या एकदम दाबल्या. तिसरं खाली यायलाच तयार नव्हतं, आणि आलं ते थरथरत, एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवत. त्यांनी परत सुरुवात केली. परत. गोंधळ आता कसलाच उरला नव्हता. कुठली पट्टी, कुठलं बोट, सगळं समजत होतं त्यांना.

"आजपासून धरा ना महिना," मी म्हणालो. "आधीचा मोजूच नका."

"फुगा आण."

"बाबा, आत्ता कशाला?"

"आण म्हटलं ना."

मी फुगवून दिला. फेस मीच लावला. बाबांनी वस्तरा उघडला, मनगट डाव्या हाताने धरलं, आणि पातं टेकलं न टेकलं तोच फुगा गेला. फेस आरशावर उडाला. नेहमीचं वाक्य मी म्हणालो नाही, तेही म्हणाले नाहीत.

काका उठले. "येतो उद्या," म्हणाले.

"थांब की. बघून जा." बाबांनी वस्तरा पुसून माझ्या हातात दिला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. कापडही स्वतःच ओढून घेतलं. मग आरशात माझ्याकडे बघून म्हणाले, "कर. कुठे चुकतोस ते सांगतो."

मी फेस लावला. त्यांनी मान मागे टाकली, डोळे मिटले. गळ्यावरून पहिला हात मारला तेव्हा त्यांचा श्वास थांबलेला माझ्या बोटांना कळला.

"हलका," ते ओठ न हलवता म्हणाले. "आणखी हलका."

घड्याळवाले काका आपल्या खुंटांवरून हात फिरवत बघत होते. कापडाखाली उजवीकडे सतत काहीतरी फडफडत होतं. डावीकडे खुर्चीच्या हातावर पाच बोटं एकामागून एक उठत होती, टेकत होती, एकही न चुकता.