पिवळ्या ठिपक्याचा बिशप

आमच्याकडे कासव उचलायचं नसतं. घाबरलं की ते मुततं, आणि महिनोन् महिने पोटात जपलेलं पाणी एका दमात वाळूत जातं. अमेरिकेतल्या मोहावेच्या वाळवंटात पुढचा पाऊस येईपर्यंत मग त्याचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. व्हर्लकाकांना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण काकांचा जीव मऊ, आणि मऊ जीवाची माणसं कधीकधी फार नुकसान करतात.

मी या खोऱ्यात कासवांच्या मागे हिंडते, तेच माझं काम. महामार्ग झाला तेव्हा खोऱ्याचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडची कासवं बरी आहेत, पश्चिमेकडची संपत चालली आहेत. त्यांचं रक्त तपासलं, तर सगळी एकमेकांची भावंडं असल्यासारखी. घरातल्या घरात सोयरिकी किती पिढ्या चालणार? अंडीसुद्धा धड उबत नाहीत. पलीकडून एखादा नर यायला हवा, आणि यायला वाट एकच, रस्त्याखालची मोरी. वादळी पावसाचं पाणी त्या मोरीतून घुसून रस्ता पोखरतं, म्हणून रस्तेखात्याला ती लोखंडी पत्रा ठोकून बंद करायची होती. कासवं तिथून जाऊन पलीकडे राहतात असं मी दाखवलं, तरच ती उघडी राहणार होती.

ओळख पटावी म्हणून पूर्वेच्या कासवांच्या पाठीवर मी पिवळा ठिपका काढते, पश्चिमेच्या निळा. पिवळ्यांत एक थोराड नर होता. त्याचं नाव काकांनी ठेवलं, बिशप.

"आमच्या पणजोबांवर गेलाय," ते म्हणाले. "तेही बिशप होते. घरात चार बायका, तरी पाचवीसाठी डोंगर ओलांडायला तयार."

काका मॉर्मन; या ख्रिस्ती पंथात बिशपही संसारी असतो, आणि पूर्वी एकाला अनेक बायका असत. कासवं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून महामार्गाच्या कडेने कुंपण आहे, सत्तरी उलटली तरी त्याची डागडुजी तेच करतात. पंथाला वर्ज्य म्हणून कॉफीला शिवत नाहीत, बिनदारूची गोड रूट बिअर मात्र बादलीने पितात.

मे महिन्यात एका सकाळी बिशपच्या पाठीवरच्या ट्रान्समीटरचा आवाज मला पश्चिमेकडून आला. मोरी ओलांडून गेला होता पठ्ठ्या. मी टेकडीवर उभी राहून रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही. आता त्याने फक्त तिकडे राहायचं होतं. संध्याकाळी आवाज पुन्हा पूर्वेकडून आला.

बैठकीत खात्याच्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं. "गेला ते ठीक. राहिला का?"

"नाही. त्याच दिवशी परत आला," मी म्हणाले. खोटं कसं बोलू?

"पाहुणा दारातून परत गेला, त्याला सोयरीक म्हणत नाहीत, बाई."

जूनमध्ये मोरीच्या दोन्ही तोंडांना पत्रा बसला. काम काकांनाच मिळालं. दुपारी त्यांच्या ट्रकच्या सावलीत आम्ही बरिटो खात बसलो होतो.

"लावॉन, तुझं एक काम केलं होतं, सांगायचंच राहिलं," काका म्हणाले. "तुझा बिशप मागे वाट चुकला होता. निळ्यांच्या मुलखात पिवळा ठिपका! लांबूनच ओळखला मी. म्हटलं, कुंपणाला भोक पडलं असणार. उचलला आणि नेऊन त्याच्या बिळापाशी सोडला."

मी बरिटो खाली ठेवला. "मुतला का?"

"शर्टभर. बायकोने दोनदा धुतला." ते हसले. "कधीतरी म्हाताऱ्याचे आभार मान की, पोरी."

"मानते, काका."

दुसरा कोणी असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण त्यांचा तो खूश चेहरा बघून जीभच उचलेना. वाटेने जाणाऱ्या एखाद्या ट्रकवाल्याला कासव म्हणजे कासव, त्याने बघून गाडी पुढे नेली असती. पिवळा कुठला आणि निळा कुठला, हे फक्त आम्हालाच कळतं.

मी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं.

"पण राहिला असता, याचा तरी पुरावा कुठे आहे?" ते म्हणाले. "पुढच्या वसंतात बघू."

बंद मोरीत पुढच्या वसंतात काय बघणार, असं मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

जुलैत बिशपचा आवाज एकाच जागेवरून येऊ लागला, आणि ती जागा त्याच्या बिळाची नव्हती. मी काकांना बरोबर घेऊन गेले. बिशप मोरीच्या तोंडाशी, पत्र्याला डोकं टेकून मरून पडला होता. कुंपणाच्या कडेने वाळूत त्याच्या फेऱ्यांची चाकोरी पडली होती. डोळे खोल गेलेले. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका.

काका गुडघ्यांवर बसले, टोपी काढली. "या उन्हात इतक्या लांब कशाला आला? घरी सोडला होता मी याला. घर कळेना का याला?"

आता गप्प राहणं मला जमलं नाही.

"काका, तो वाट चुकला नव्हता. त्याला पलीकडेच जायचं होतं. पोचला होता तो."

आपल्याच हाताने मारलेल्या बोल्टांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"हा पत्रा मी आत्ता कापतो," ते म्हणाले. "खात्याला काय करायचं ते करू दे. दुसरा कोणी जाईल ना गं?"

पिवळ्यांत मोरीपर्यंत येणारा तो एकटाच होता. मी त्यांना तसं सांगितलं.