रविवारपर्यंत उभा

मी एक जुना कुत्रा आहे मित्रांनो, लांबट फुग्याचा. वय चार दिवस. हसलात? आमच्यात संध्याकाळ पाहिलेल्यालाही म्हातारा म्हणतात, तेव्हा जरा मानाने वागा.

खेळण्यांच्या दुकानात फरशी पुसणाऱ्या मावशींनी मला घडवलं. पुसून पुसून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. दाराजवळचा फुगेवाला सोडून गेला, तेव्हा त्याचं स्टूल मला द्या, मी फुगे वळते, अशी त्यांनी मालकांना गळ घातली. मालकांना तिथे नाणं टाकून खेळायचं एक मोठं यंत्र मांडायचं होतं. फुग्याचे कुत्रे रस्ता ओलांडेपर्यंतही टिकत नाहीत, पोरं रडत परत येतात, असं त्यांचं म्हणणं. शेवटी गुरुवारी ते म्हणाले, "तुमचा कुत्रा रविवारी दुकान बंद होईपर्यंत चार पायांवर उभा राहिला, तर स्टूल तुमचं."

माझे तीन थोरले भाऊ वळता वळताच फुटले. मावशींनी त्यांना शेंड्यापर्यंत टम्म फुगवलं होतं. पीळ दिला की हवा पुढे सरकते, तिला जायला जागाच उरली नव्हती. माझ्या वेळी त्यांनी शेवटची चार बोटं रिकामी ठेवली आणि गाठ मारण्याआधी थोडी हवा सोडून मला मऊ केलं. मग तोंड आणि दोन कान, मान आणि पुढचे पाय, पोट आणि मागचे पाय. प्रत्येक जोडी मुळाशी एकत्र पिळून घट्ट केली. आणि सगळे पीळ एकाच दिशेने! एक इकडे, एक तिकडे दिला की आधीचा सुटतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वीस वर्षं ओलं फडकं पिळलेले हात होते ते.

मग माझी कसोटी लागली. शुक्रवारी मालकांनी मला भर उन्हात काचेपाशी ठेवलं. मावशींनी गुपचूप सावलीत सरकवलं. शनिवारी मालकांच्या नातीने कान धरून दुकानभर फरफटवलं. मी मनात म्हटलं, ओढ किती ओढायचं ते. फुटेन तो मी नव्हे.

रविवारी दुकान बंद व्हायच्या वेळी मी सुरकुतलो होतो. मालक चष्मा लावून वाकले.

"मावशी, हा तर अर्धा झाला."

मावशींनी बादली खाली ठेवली. "झाला असेल. उभा आहे ना?"

मालकांनी मला बोटाने ढकललं. मी डगमगलो आणि पुन्हा चारी पायांवर आलो. मग त्यांनी स्वतःच स्टूल ओढून आणलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाले, "बसा."

मित्रांनो, मी उद्या-परवा चपटा होईन. झालो तर झालो, माझ्यासाठी रडू नका. एवढंच करा, फरशी ओली दिसली तर वाळेपर्यंत दारात थांबा. उद्यापासून पुसायला नवी बाई येणार आहे. तिलाही गुडघे आहेत.